यंत्राचा आकडा

उदयाचल क्रीडा मंडळाचे चिटणीस श्यामसुंदर देवस्थळी समोरच्याला 'आपण' म्हणायला लागले, की समोरच्याने समजून घ्यावं: अर्ज फेटाळला गेला आहे, आता फक्त चहा प्यायचा आणि निघायचं. मंदाकिनी सबनीस मात्र चहा पिऊनही बसून राहिल्या.

"सबनीस बाई, आपण बंदूक मागताय."

"बंदूक नाही हो. रडार गन. चेंडूवर रोखली की त्याचा वेग सांगते."

"तेच ते. इतिवृत्तात गन कशी लिहू? हिशेबतपासनीस विचारेल, सॉफ्टबॉलच्या मुलींना गन कशाला? नवऱ्यांसाठी का, म्हणेल."

"मग वेगमापक यंत्र लिहा."

देवस्थळींना शब्द आवडला. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना वस्तूपेक्षा तिचं शुद्ध मराठी नाव जास्त पटायचं. नाव पटलं की अर्धी मंजुरी झाली.

मंदाकिनीबाई कर्वे रस्त्यामागच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि संध्याकाळी त्याच मैदानावर मंडळाच्या मुलींना सॉफ्टबॉल. पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. निवड चाचण्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की चाचणीच्या आदल्या दिवशीच कोणाची निवड होणार हे त्या सांगू शकत; त्यासाठी मुलींचा खेळ बघावा लागत नसे, बापांचे फोन ऐकले की पुरायचे. "मुलगी जोरात टाकते, पण शैली जरा रांगडी आहे," असं निवड समितीने म्हटलं की समजावं, मुलीचा पत्ता पेठेतला किंवा कोथरूडचा नाही.

या वर्षी रांगडी शैली होती नम्रता ढगेची. मांजरी गावच्या उसाशेजारी पत्र्याच्या खोल्या झाल्यात, तिथे राहणारी. तिचे वडील उत्तरेश्वर तुळजापूरकडून आले, खराडीतल्या एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर उभे राहून आत जाणाऱ्यांची ओळखपत्रं बघू लागले. राज्य शिबिरासाठी पुणे शहरातून एकच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, घेणार होते, आणि शहराची निवड चाचणी या वर्षी उदयाचल मंडळाकडे होती. शिबिरातून राज्याचा संघ, संघातून प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर पोलीस भरतीतली खेळाडूंची राखीव जागा. ही शिडी नम्रताला तोंडपाठ होती. शिवाय वयाची अट होती, आणि त्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

"माणसं ओळखी बघतात," मंदाकिनीबाई समितीपुढे म्हणाल्या. "यंत्राला ओळख नसते. जिचा वेग जास्त, ती जाईल. माझी असो वा नसो."

'माझी' म्हणजे कोण, हे समितीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्यात तत्त्वाच्या गोष्टी नेहमी कुणाच्या तरी सोयीसाठीच काढतात. एवढंच की सोय चांगल्या माणसाची असली, तर तिला तत्त्व म्हणायला कुणाची हरकत नसते.

यंत्र निवडायचं काम देवस्थळींचा भाचा वरद याच्याकडे आलं. वरद हिंजवडीला कंपनीत टेस्टिंग करायचा. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा. चुका काढायला पगार मिळतो, हे कळल्यावर पेठेतल्या कित्येक ज्येष्ठांना आपण उगाच आयुष्यभर फुकट राबलो असं वाटलं होतं. वरद सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेला. येताना आणतो म्हणाला आणि इंटरनेटवरचे कागद छापून घेऊन आला.

"तीन प्रकार आहेत, मामा. एक म्हणजे चेंडूतच चिप बसवलेली."

"तो हरवला की यंत्रच हरवलं," देवस्थळी म्हणाले. "आपल्या पोरी चेंडू शेजारच्या बंगल्यात टाकतात. बंगलेवाले परत देत नाहीत. पुढे."

"दुसरं, एक डबी. पिचरच्या समोर जमिनीवर ठेवायची."

"स्वस्त आहे?"

"स्वस्त आहे, पण चेंडू जवळ आल्यावरच मोजते," मंदाकिनीबाई मध्येच म्हणाल्या. कागद त्यांनी वरदच्या आधी वाचले होते. "हातातून सुटताना चेंडू सगळ्यात जोरात असतो, मग वाटेत मंदावतो. मला सुटतानाचा वेग हवा."

"मग तिसरं. हातात धरायची गन. ट्रिगर दाबला की सगळ्यात जास्त वेग धरून ठेवते. माइल आणि किलोमीटर दोन्हीत."

"किलोमीटर," देवस्थळी म्हणाले. "आपण गुलाम नाही."

"आणि बॅट फिरली तर?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तर बॅटचाही वेग पकडेल."

"मग चाचणीत बॅटवाली उभी करायची नाही. फक्त पिचर आणि कॅचर. लिहा."

त्यांनी आणखीही लिहायला लावलं. निवड चाचणीत यंत्राचा आकडा अंतिम राहील. प्रशिक्षक, पालक किंवा पदाधिकारी यांच्या विनंतीवरून कोणत्याही खेळाडूला पुन्हा चेंडू टाकू दिला जाणार नाही. हा दुसरा भाग कोथरूडच्या पालकांसाठी होता. 'आमचीला सर्दी झाली होती, परत घ्या,' असं म्हणणारे पालक बाईंनी फार पाहिले होते. देवस्थळींनी 'अंतिम' या शब्दाखाली रेघ मारली. अशा रेघा मारताना त्यांची मुद्रा फार प्रसन्न असे.

वरद परतला तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्याला थांबवलं होतं म्हणे. खोक्यावर 'गन' वाचून सामान उघडायला लावलं, मग यंत्र हातात घेऊन समोरून चालत येणाऱ्या मावशीवर रोखलं आणि म्हणाला, "ताशी चार. जाऊ द्या."

मैदानावर पहिला आकडा आला तो मंदाकिनीबाईंच्या स्कूटीचा. तेवीस. मुली खिदळल्या. मग वरद कॅचरच्या, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या, मागे असलेल्या जाळीच्या पलीकडे, बरोबर मधोमध उभा राहिला. पुस्तिकेत तसं चित्र होतं: पिचर, कॅचर आणि गन एका सरळ रेषेत. नम्रताने हात पंख्यासारखा गोल फिरवला, मांडीजवळून चेंडू सुटला आणि कॅचरच्या हातमोज्यात असा वाजला, की झाडावरचे कावळे उठले.

"एक्याण्णव!" वरद ओरडला.

मग ब्याण्णव. मग एकदा त्र्याण्णव. तिच्यानंतर स्वराली आली. कोथरूडची. तिचे बाबाही हिंजवडीलाच. हातमोजा परदेशी, खांद्याच्या व्यायामासाठी वेगळा ट्रेनर. मुलगी मात्र लबाड नव्हती. हातमोजा नम्रताला अर्धा वेळ वापरायला द्यायची. तिचे आकडे सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेले.

"नमू, तुझा बॉल दिसतच नाही यार, सीरियसली," स्वराली म्हणाली. "तू जा शिबिराला. मला बारावी आहे, मम्मी तसंही पिटणार आहे."

नम्रता हसली. त्या आठवड्यात तिने घरी जाऊन वडिलांना आकडा सांगितला. उत्तरेश्वरांच्या गावाकडे आकडा म्हणजे मटक्याचा. लागतो किंवा लागत नाही. त्यांनी विचारलं, "त्र्याण्णव लागला म्हणजे काय मिळतं?" ती म्हणाली, "पोलीस." फाटकावरच्या माणसाला याहून मोठं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

चाचणी रविवारी सकाळी ठेवली. राज्य संघटनेकडून हिंमतराव येणार होते. हिंमतरावांची जमीन हिंजवडीच्या अलीकडे होती. तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना अचानक खेळांचं प्रेम फुटलं. शिबिराच्या यादीवर सहीचं शेवटचं कोंबडं त्यांचंच. ते आकड्यांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणारे आहेत, अशी मंदाकिनीबाईंची माहिती होती. म्हणून बाईंनी एक हिशेब केला. यंत्राचा आकडा तर नम्रताचाच जास्त येणार. पण साहेबांनी तिला डोळ्यांनी बघितलं, तिचा चेंडू कानांनी ऐकला, तर पुढे राज्य संघ निवडतानाही लक्षात राहील. साहेब ठरल्या वेळेला येत नाहीत हे जगजाहीर. तेव्हा स्वरालीला आधी टाकू द्यायचं आणि नम्रताला मागे ठेवायचं.

यादी अक्षरक्रमाने होती. न आधी, स नंतर. बाईंनी देवस्थळींना गाठलं. "स्वरालीची क्लासची टेस्ट आहे हो. तिला आधी घ्या."

"आपण दुसऱ्या मुलीची सोय बघताय?" देवस्थळींनी भुवया उंचावल्या. "आनंद आहे."

स्वरालीने दहा चेंडू टाकले. वरद जाळीमागे मधोमध. सर्वांत मोठा आकडा अठ्ठ्याऐंशी. ती पाणी प्यायली, तिने नम्रताच्या पाठीत थाप मारली आणि आईच्या गाडीत बसून क्लासला गेली.

आणि मग हिंमतराव आले.

त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीतला सोफा चार जणांनी उचलून आणला होता. तो ठेवायचा कुठे? मैदानावर सावली एकाच जागी: जाळीच्या मागे, गुलमोहराखाली. शिवाय तिथून चेंडू सरळ अंगावर येताना दिसतो, साहेबांना मजा वाटेल. सोफा तिथे टेकला. शाल, श्रीफळ, गुलाब. देवस्थळींनी दोन शब्द बोलतो म्हणून पुष्कळ शब्द बोलून घेतले. त्यात 'वेगमापक यंत्र' तीन वेळा आलं. नम्रता तिकडे उन्हात, हात थंड पडू नये म्हणून खांदा गोल फिरवत उभी.

वरद गन घेऊन आपल्या जागी गेला. म्हणजे सोफ्याच्या बरोबर पुढे.

"अरे वरद!" देवस्थळींचा आवाज साखरेत घोळवलेला होता, पण आत मिरची होती. "साहेबांकडे पाठ करून उभा राहतोस? संस्कार अमेरिकेत ठेवून आलास का?"

"मामा, इथूनच—"

"बाजूला हो. त्यांना काही दिसत नाहीये."

"असू द्या हो," हिंमतराव म्हणाले. पण तसं म्हणताना त्यांनी मानही एका बाजूला वळवली, वरदच्या कमरेपलीकडे बघायला. पाहुणा 'असू द्या' म्हणतो तेव्हा ते असू द्यायचं नसतं, हे लहानपणीच शिकलेला वरद दोन पावलं सरकला. तिथे शालवाल्या बाई उभ्या होत्या. तो आणखी सरकला. तिथे खुर्च्यांवर समिती बसलेली. समितीला पाठ दाखवणं म्हणजे पुढच्या सभेला कारण. सरकत सरकत तो पार चहाच्या टेबलापाशी पोचला. तिथे कुणाकडेच पाठ होत नव्हती. थर्मासच्या शेजारी उभा राहून त्याने गन रोखली.

मंदाकिनीबाई तेव्हा नम्रतापाशी होत्या. "साहेब बघतायत. घाबरू नको. नेहमीसारखं टाक."

नम्रताने टाकला. आवाज तसाच झाला. सोफ्यावरचे हिंमतराव दचकून मागे रेलले आणि खूश झाले.

"पोरगी लई जोरात टाकती की!" त्यांनी देवस्थळींच्या मांडीवर थाप मारली. साहेब खूश झाले की गावची भाषा बोलत.

"त्र्याऐंशी," चहाच्या टेबलाकडून वरद म्हणाला. त्याच्या आवाजात प्रश्न होता.

"किती?"

"त्र्याऐंशी."

हिंमतरावांचा चेहरा हळूहळू समजूतदार झाला. "हां. आवाजच मोठा होता तर."

दुसरा चौऱ्याऐंशी. तिसरा चौऱ्याऐंशी. चौथ्याला नम्रताने आकडा ऐकून दात आवळले आणि अंगातलं सगळं चेंडूत घातलं. तोही चौऱ्याऐंशी. पाचव्याला तिने आणखी जोर लावला, चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीला लागला. सोफ्यावरून कोणीतरी 'अरे अरे' केलं. आता ती टाकत नव्हती. आकड्याशी भांडत होती. दहा चेंडू संपले तेव्हा तिने वळून बघितलं ते बाईंकडे नाही, वरदच्या हातातल्या गनकडे.

मंदाकिनीबाई मैदान ओलांडून थर्मासपाशी आल्या. गुडघे दुखत असताना त्या इतक्या भरभर चाललेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

"तू इथे का?"

"ताई, मामा म्हणाले बाजूला..."

"इथून फरक पडतो ना?"

वरदने गन खाली घेतली. "पडतो. गन फक्त तिच्याकडे येणारा वेग मोजते. मागे उभं राहिलं तर चेंडू सरळ गनकडे येतो. इथून तो तिरपा जातो, म्हणजे कमी दिसतो. पुस्तिकेत लिहिलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो," वरद म्हणाला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने एवढीच एक चूक काढायची होती, तीही समोर मामा असताना.

बाई सोफ्यापाशी गेल्या. "साहेब, यंत्र बाजूला होतं. या मुलीला परत दहा चेंडू द्या. वरद मागे उभा राहील."

"यंत्र बिघडलंय का?" हिंमतरावांनी विचारलं.

"छे छे!" देवस्थळी ताडकन उठले. "नवं कोरं आहे. अमेरिकेचं."

"बिघडलेलं नाही, जागा चुकली. सोफ्यामुळे—"

सोफा हा शब्द निघाला आणि सगळ्यांचे डोळे सोफ्यावर गेले. म्हणजे सोफ्यावरच्या माणसावर. हिंमतरावांनी शाल सावरली. "माझ्यामुळे काही झालं का?"

"आपल्यामुळे कसं होईल!" देवस्थळी हसले. मग बाईंकडे वळले, आणि अगदी मऊ स्वरात म्हणाले, "सबनीस बाई, आपणच ठराव लिहून घेतलात. प्रशिक्षकाच्या विनंतीवरून पुन्हा टाकू द्यायचं नाही. यंत्राचा आकडा अंतिम. आपलेच शब्द. मी फक्त खाली रेघ मारली."

हिंमतरावांनी मान हलवली. "नियम चांगला आहे. कोणी केला?"

तेवढ्यात चहा आला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मंदाकिनीबाई देवस्थळींच्या घरी गेल्या. वरदला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं. त्याने सोफ्यापासून चहाच्या टेबलापर्यंतचं अंतर मोजून, कोन काढून हिशेब केला होता. चौऱ्याऐंशीचा खरा वेग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या घरात येत होता. देवस्थळींनी चष्मा लावून कागद वाचला आणि, हे त्यांच्या नावावर जमा धरलं पाहिजे, तो चूक आहे असं म्हटलं नाही.

"बरोबर आहे. गणित माझंही चांगलं होतं."

"मग दुरुस्त करा."

"काय दुरुस्त करू? ठरावात यंत्राचा आकडा आहे. हा वरदचा आकडा. उद्या स्वरालीचे वडील दुसऱ्या एखाद्या वरदकडून तिसरा आकडा काढून आणतील."

"तुम्हाला कळतंय मुलीवर अन्याय झालाय."

"कळतंय ना. पण तो कोणी केला हे लिहावं लागेल. हिंमतरावांच्या सोफ्याने केला असं लिहू? ते मैदानाच्या नूतनीकरणाचं बोललेत कालच." त्यांनी शिबिराचा अर्ज पुढे सरकवला. "प्रशिक्षक म्हणून इथे आपली सही. आज गेला नाही तर पुण्याची जागा नागपूरला देतील. मग नम्रता नाही आणि स्वरालीही नाही. त्या पोरीचा काय दोष? आपणच सांगा."

बाईंनी वरदकडे बघितलं. "तू पत्र लिही. जे झालं ते. मी घेऊन जाते हिंमतरावांकडे."

"ताई, मी लिहिलं असतं..." वरद पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "शुक्रवारी परत अमेरिकेला जातोय. ऑनसाइट. आणि इथे मामांना राहायचंय."

"मग यंत्र तरी द्या. मुलीला मी दाखवते, तिचा वेग किती आहे ते."

"यंत्र साहेबांना फार आवडलं," देवस्थळी म्हणाले. "नातू क्रिकेट खेळतो. थोडे दिवस वापरायला नेलंय. नाही कसं म्हणायचं?"

मंदाकिनीबाईंनी सही केली. स्वरालीचा दोष नव्हता, हे खरंच होतं. या प्रकरणात जो तो बरोबरच होता. देवस्थळी नियमाने, वरद गणिताने, हिंमतराव सोफ्याने. चुकल्या म्हटलं तर एकट्या बाई. क्रम त्यांनी बदलला, ठराव त्यांनी लिहिला, आणि आता सहीही त्यांचीच.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नम्रताला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. जमिनीवर काठीने रेघा ओढल्या. इथे तू, इथे गन, हा कोन. नम्रता मन लावून ऐकत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"म्हणजे तुझा वेग कमी झालेला नाही. कळलं?"

"हो, ताई."

"काय कळलं?"

"तुम्ही माझी समजूत काढताय."

"अगं, समजूत नाही—"

"मला माहितीय ना. स्वरालीच्या वेळी बरोबर, आणि माझ्या वेळीच कोन? तुम्हीच म्हणायच्या, सबबी सांगणाऱ्या पोरी मला आवडत नाहीत." तिचा स्वर उद्धट नव्हता; उलट तिला बाईंचीच दया येत होती. "माझाच हात थंड पडला. साहेबांना बघून घाबरले. जाऊ द्या."

पुढे ती आठ-दहा दिवस आली. नंतर तिचे वडील आले. इस्त्रीच्या गणवेशात, कामावर जाता जाता, हातात पेढ्यांचा पुडा.

"पोरीला आमच्या कंपनीत लावलं, ताई. आत. रिसेप्शनला कागद द्यायचे-घ्यायचे. एसी हाय."

"अहो, तिचा खेळ..."

"तुम्ही लई जीव लावला, त्यात काय शंका न्हाई." उत्तरेश्वरांनी हात जोडले. "पण आकडा न्हाई लागला. त्याला कोन काय करणार? लागतो, न्हाई लागत."

बाई त्यांनाही कोन समजावू लागल्या. ते मान डोलावत राहिले. फाटकावर साहेबलोक फोनवर काहीबाही बोलत जातात, तेव्हा डोलावतात तशी. "तुमचं बरोबर असंल," ते म्हणाले. पेढा बाईंनी घेतला.

यंत्र परत आलं ते दिवाळीनंतर. त्याच्या खोक्यावर 'नाजूक वस्तू' अशी नवी चिठ्ठी होती, देवस्थळींचं अक्षर. मंदाकिनीबाईंनी ते विचारून घेतलं नाही, कपाट उघडून घेतलं, आणि रविवारी सकाळी स्कूटीवर मांजरीला गेल्या.

खोल्यांच्या मागे उसाच्या कडेने बैलगाडीची सरळ वाट होती. नम्रता कामाला निघायच्या तयारीत होती. रविवारीही तिची पाळी असे. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, केसांना व्यवस्थित पिन.

"पाच चेंडू टाक," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी."

"ताई, बस येईल."

"पाचच."

तिने ओळखपत्र काढून आईकडे दिलं. बाईंनी हातमोजा चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर कॅचरसारख्या उकिडव्या बसल्या. गन धरायला दुसरं कोणी नव्हतं. "उत्तरेश्वर, तुम्ही माझ्या मागे उभे राहा. बरोबर मागे. हे दाबून धरायचं."

उत्तरेश्वर मागे ताठ उभे राहिले, फाटकावर राहायचे तसे. नम्रताने पहिला चेंडू वरून टाकला. सवय मोडली होती. दुसरा खाली पडला. तिसऱ्याला तिचा हात गोल फिरला आणि चेंडू बाईंच्या तळव्यात असा बसला, की डोळ्यांत पाणी आलं.

"ब्याण्णव," उत्तरेश्वरांनी वाचलं. मग खात्री करायला परत वाचलं. "ब्याण्णव हाय. ए नमे! लागला की गं!"

बाईंनी वळून नम्रताकडे बघितलं. आता तरी. इतक्या दिवसांनी, सरावाशिवाय, कामाच्या कपड्यांत. आता तरी कळेल.

नम्रता धावत आली, बापाच्या हातातला आकडा वाकून बघितला. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिने मान हलवली.

"बघितलंत ताई?" ती म्हणाली. "माझ्यात होतं. त्या दिवशीच मी कच खाल्ली."

मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. जमिनीवर रेघा ओढायला काठी शोधायला हवी होती. पण रस्त्यावर कंपनीची बस वाजली, आईने ओळखपत्र पुढे केलं, आणि नम्रता ते गळ्यात अडकवत धावली. बाई उकिडव्याच होत्या; उठायला उत्तरेश्वरांनी हात दिला.